सूज उतरली, पण घोट्यावर भरवसा नाही: पुढे काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राजगडावरून गुंजवण्याच्या वाटेने उतरताना घसाऱ्यावर डावा पाय आत वळला. त्याच संध्याकाळी एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी क्रेप बँडेज, गोळ्या आणि तीन आठवडे विश्रांती सांगितली. आता पाच आठवडे झाले. सूज संध्याकाळी थोडी येते, सपाट रस्त्यावर चालता येतं, ऑफिसही सुरू झालंय. पण जिना उतरताना पाय कचरतो, आणि गेल्या आठवड्यात फुटपाथच्या कडेवर तोच घोटा पुन्हा अर्धवट वळला. कॉलेजात असतानाही हाच घोटा दोनदा मुरगळला होता. तीन महिन्यांनी हरिश्चंद्रगड करायचा आहे. व्यायाम कोणते, किती दिवस, एमआरआय हवा का, आणि ट्रेक सोडून द्यायचा का?

ट्रेक सोडायचं काहीच कारण दिसत नाही. पण तुमचा खरा उपचार अजून सुरूच झालेला नाही. पहिल्या आठवड्यांत तुम्ही जे केलंत ते दुखणं आणि सूज कमी करण्यापुरतं होतं. घोटा पुन्हा वळू नये यासाठी जे करावं लागतं ते वेगळं आहे, आणि ते बहुतेकांना कोणी सांगतच नाही. पहिल्यांदा घोटा मुरगळलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना वर्षानंतरही घोटा लटपटण्याचा त्रास राहतो असं अभ्यासांत दिसलंय. माझ्याकडे येणाऱ्यांमध्येही हीच गोष्ट दिसते. दुखणं थांबलं की माणूस व्यायाम थांबवतो, किंवा सुरूच करत नाही, आणि दोन-तीन वर्षांत तोच पाय तीन-चार वेळा मुरगळतो.

आधी काय झालंय ते समजून घ्या, म्हणजे व्यायाम का करायचे ते कळेल. बाहेरच्या बाजूच्या घोट्याच्या हाडाचं खालचं टोक बोटाने शोधा. त्याच्या किंचित पुढे आणि खाली एक मऊ खळगा लागेल. त्या खळग्यावरून पुढे जाणारी एक छोटी पट्टी आहे, अँटिरिअर टॅलोफिब्युलर लिगामेंट. पाय आत वळला की सर्वांत आधी तीच ताणली जाते. जोर जास्त असेल तर तिच्या मागची, टाचेच्या हाडाकडे जाणारी पट्टीही दुखावते. उतारावर हे जास्त घडतं त्याचं कारण सांध्याच्या रचनेत आहे. घोट्याच्या खोबणीत बसणारं टॅलस नावाचं हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. उतरताना चवडा खाली जातो, अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांध्याला हाडांचा आधार कमी मिळतो. तेवढ्यात पायाखालचा दगड सरकला की सगळा भार या छोट्या पट्ट्यांवर आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूने खाली येणाऱ्या पेरोनियल स्नायूंवर येतो. हे स्नायू पावलाला बाहेर खेचतात. पाय वळायला लागल्यावर त्याला रोखण्याचं काम त्यांचं.

आता लिगामेंटमध्ये नुसते तंतू नसतात. सांधा कुठल्या कोनात आहे, किती वेगाने वळतोय ही माहिती मेंदूकडे पाठवणारी मज्जातंतूंची टोकंही त्यात असतात. दुखापतीत तीही बिघडतात. १९६५ साली इंग्लंडमध्ये फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा हे ठामपणे मांडलं, की मुरगळलेला पाय नंतर लटपटतो तो केवळ पट्टी सैल झाली म्हणून नाही, तर तोल सांभाळणारी यंत्रणा मंद झाली म्हणूनही. तोलाचे व्यायाम करून घेतले की हा लटपटेपणा कमी होतो हेही त्यांनी दाखवलं. त्यानंतर बारकावे बरेच बदलले, पण घोट्याच्या पुनर्वसनाचा पाया आजही तोच आहे. फुटपाथच्या कडेवर तुमचा पाय अर्धवट वळला तेव्हा नेमकं हेच झालं. स्नायूंना जाग आली, पण उशिरा.

दुसरी गोष्ट वेळेची. तुटलेले तंतू पहिले काही दिवस सुजतात, मग साधारण सहा आठवड्यांपर्यंत नवे तंतू विणले जातात, आणि ते पक्के होण्याचं काम पुढे कित्येक महिने चालतं. ताण ज्या दिशेने पडतो त्या दिशेने हे तंतू रचले जातात. म्हणून बेताचा ताण ही या काळातली गरज आहे, आणि पूर्ण विश्रांतीत तोच मिळत नाही. तुम्ही पाचव्या आठवड्यात आहात. उशीर झालेला नाही, पण आता आणखी आराम करून काही मिळणारही नाही.

व्यायाम सुरू करण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या. एक्स-रे कधी काढायचा यासाठी कॅनडात १९९२ साली ओटावा नियम तयार झाले आणि ते आजही जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला किंवा टोकावर दाबून दुखणं, करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर जो उंचवटा लागतो तिथे दाबून दुखणं, आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखणं, किंवा लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं भार देऊन टाकता न येणं. यातलं काही असेल तर एक्स-रे, नाहीतर बहुधा गरज नाही. तुमचा एक्स-रे झालाय. तरीही आज हाडावर एखाद्या ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर पुन्हा दाखवा. बारीक चीर पहिल्या दिवशीच्या फिल्मवर कधीकधी दिसत नाही.

आणखी एक प्रकार नेहमी निसटतो. दुखणं घोट्याच्या बाजूला नसून त्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मधे असेल, पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबली की खाली घोट्यापाशी दुखत असेल, पाऊल बाहेर फिरवताना कळ येत असेल, तर ही दोन हाडांना जोडणाऱ्या पट्टीची दुखापत असू शकते. ती बरी व्हायला जास्त वेळ घेते आणि काही वेळा ऑपरेशनपर्यंत जाते. तिच्यावर खाली सांगितलेले व्यायाम आपल्या मनाने सुरू करू नका. सांध्याच्या आत खोलवर दुखणं, मधेच अडकणं, पावलाला मुंग्या किंवा बधिरपणा, किंवा चवड्यावर उभंच राहता न येणं, यासाठीही आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर. मधुमेह असलेल्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यांनी अनवाणी तोलाचे व्यायाम तपासणीशिवाय करू नयेत.

तुम्ही विचारलंय की गावाकडे एकांनी 'शीर चढलीय, पाय ओढून बसवून घ्या' असं सांगितलं, ते करावं का. नाही. मुरगळलेल्या घोट्यात बसवण्यासारखं काही जागेवरून हललेलं नसतं. फाटलेल्या तंतूंवर झटका दिला तर ते आणखी फाटतात, आणि न सापडलेलं फ्रॅक्चर असेल तर नुकसान मोठं. जोरात मालिशही पहिल्या दिवसांत नको. आंबेहळदीचा लेप लावल्याने बरं वाटत असेल तर लावा, त्वचेला खाज येत नसेल तर त्याने अपाय नाही, फक्त व्यायामाच्या जागी तो धरू नका.

बर्फाबद्दलही गोंधळ फार आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ही चौकडी १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी रूढ केली. पुढे त्यांनीच बर्फ आणि पूर्ण विश्रांतीबद्दलचं आपलं मत बदललं. बर्फाने ठणका कमी होतो हे खरं. पट्टी लवकर जुळते याला मात्र भक्कम पुरावा नाही. तेव्हा व्यायामानंतर दुखलं तर रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, नाही दुखलं तर राहू द्या. क्रेप बँडेज सूज आवरायला ठीक आहे, पण ते घोट्याला वळण्यापासून रोखत नाही. रोखतो तो लेसने बांधायचा अँकल ब्रेस, किंवा नीट लावलेली चिकट टेप. बाजारात मिळणारा मऊ इलॅस्टिकचा मोजा क्रेप बँडेजच्याच जातीचा आहे. घराबाहेर पडताना पुढचे काही आठवडे लेसचा ब्रेस वापरा, घरात आणि व्यायामाच्या वेळी काढा.

आता व्यायाम. सगळ्यांत आधी घोटा किती वाकतो ते मोजा, कारण पाच आठवड्यांत तो नक्की आखडलेला असणार आणि आखडलेल्या घोट्यावर बाकीचं काही नीट बसत नाही. भिंतीसमोर अनवाणी उभं राहा. दुखऱ्या पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. गुडघा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत जायला हवा. तो आत वळला आणि कमान खाली बसली तर आकडा चांगला येतो, पण तो खोटा असतो. टाच उचलली जाते ते बहुतेकांना कळत नाही, म्हणून टाचेखाली वर्तमानपत्राचा एक तुकडा ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी तो ओढायला सांगा. निसटला तर टाच उचललीय. गुडघा सहज लागला तर पाऊल मागे घेत जा, आणि जिथे जेमतेम लागतो तिथे अंगठा ते भिंत हे अंतर टेपने मोजा. मग चांगल्या पायाचं मोजा. दोन्हींत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो आधी भरून काढायचा. मोजमाप हाच व्यायाम: गुडघा हळू पुढे, दोन-तीन सेकंद थांबून मागे, असं दहा वेळा, तीन फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ. पोटरीला ताण जाणवणं बरोबर आहे. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं वाटत असेल तर जोर करू नका, तो सांधा हाताने मोकळा करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे दोन-चार वेळा जावं.

हा फरक भरून निघाल्याची खूण रोजच्या जीवनातही मिळते. टाचा टेकवून उकिडवं बसता यायला लागतं. ज्यांच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे ते लोक मला ही तक्रार सर्वांत आधी सांगतात, की एक टाच खाली टेकतच नाही.

ताकदीसाठी दोन व्यायाम पुरेत, पण ते नीट हवेत. पहिला चवड्यावर उठण्याचा. भिंतीला बोटं टेकवून उभं राहा, दोन सेकंदांत वर, क्षणभर थांबून तीन सेकंदांत खाली. मुरगळलेला पाय वर जाताना भार करंगळीकडे सरकवतो. ही सवय मोडली नाही तर तुम्ही पाय वळण्याचाच सराव कराल. त्यासाठी दोन्ही टाचांच्या मधे टेनिसचा चेंडू धरा आणि वर जाताना तो निसटू देऊ नका, म्हणजे भार आपोआप अंगठ्याच्या मुळाशी येतो. दोन पायांवर पंचवीस वेळा सहज झालं की चेंडू बाजूला ठेवून दोन पायांवर वर आणि एका पायावर खाली. तेही जमलं की पूर्ण एका पायावर. नंतर पायरीच्या कडेवर उभं राहून, टाच पायरीखाली जाईल अशा बेताने. लक्ष्य सोपं आहे: चांगल्या पायाने एकावेळी जितके होतात तितकेच दुखऱ्याने, त्याच उंचीचे.

दुसरा रबराच्या पट्ट्याचा. खुर्चीवर बसा, पट्ट्याचा फास चवड्याभोवती घ्या, दुसरं टोक आतल्या बाजूला टेबलाच्या पायाला बांधा. आता टाच जागेवर ठेवून चवडा बाहेरच्या बाजूला न्या. इथे दहापैकी नऊ जण सगळा पाय मांडीपासून फिरवतात आणि पेरोनियल स्नायू झोपलेलेच राहतात. गुडघ्यावर हात ठेवा, तो हलता कामा नये. बाहेरच्या घोट्याच्या मागे दुसऱ्या हाताचं बोट ठेवलंत तर तिथली कंडरा ताठ होताना जाणवेल, म्हणजे योग्य स्नायू काम करतोय. परत येताना पट्ट्याने पाय ओढून घेऊ द्यायचा नाही, चार आकडे मोजत हळूहळू सोडायचं. खरा फायदा या परतीत आहे, कारण पाय वळताना स्नायूला असाच, लांब होता होता जोर लावावा लागतो. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. पंधरावा सोपा वाटला तर जाड पट्टा घ्या. वर्षभर त्याच पिवळ्या, म्हणजे हलक्या पट्ट्यावर रेंगाळणारे लोक मी पाहते, त्याचा उपयोग नाही.

यासोबत कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायामही करा. खुब्याच्या बाजूचे स्नायू ढिले असले की पाऊल जमिनीवर वेड्यावाकड्या कोनात पडतं, आणि ते निस्तरणं घोट्याच्या माथी येतं.

आता तोल. माझ्या मते वेळ कमी असेल आणि एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. ओट्याजवळ उभं राहा, म्हणजे पडायला लागलात तर हाताशी आधार आहे. अनवाणी, दुखऱ्या पायावर, गुडघा अगदी किंचित वाकवून, दुसरा पाय जमिनीपासून उचललेला. तीस सेकंद. पावलाकडे नीट पाहायला कोणाला तरी सांगा. बोटं जमिनीला घट्ट पकडत असतील तर ती सैल सोडायला शिका. भार तीन ठिकाणी वाटलेला हवा: टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ. घोटा सतत बारीक हलत राहील, पुढच्या कंडरा लपलपताना दिसतील, ते अगदी बरोबर आहे, तेच काम चाललंय. कंबर एका बाजूला झुकू लागली किंवा वरचं अंग वाऱ्यावरच्या झाडासारखं डोलू लागलं तर घोट्याने काम सोडून दिलंय असं समजा आणि पाय टेका.

तीस सेकंद तीनदा स्थिर जमायला लागलं की अवघड करा. उभं राहून मान डावी-उजवीकडे वळवा. मग डोळे मिटा. डोळे मिटल्यावर पहिल्यांदा पाच सेकंदही होणार नाहीत, घाबरू नका. आतापर्यंत तुमचे डोळे घोट्याची कामं करत होते. अंधारात गडावरून उतरताना पाय का फसतो हे त्या पाच सेकंदांत कळतं. त्यानंतर जाड उशी किंवा घडी घातलेली गादी पायाखाली. आणि मग पोहोचण्याचा व्यायाम: फरशीवर खडूने तीन रेषा काढा, एक समोर, दोन मागे तिरक्या. मधे दुखऱ्या पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने प्रत्येक रेषेवर जितकं लांब जाता येईल तितकं जायचं, नुसता स्पर्श करून परत. टाच उचलायची नाही, भार द्यायचा नाही. पोहोचलेल्या जागी खूण करा आणि पाय बदलून पुन्हा करा. समोरच्या रेषेवर दोन पायांत चार सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक राहिला असेल तर उड्या मारण्याची घाई नको.

हे सगळं घरी, कोणाच्या देखरेखीशिवाय करून उपयोग होतो का, असं तुम्हाला वाटेल. नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर नेमका हाच अभ्यास झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारानंतर अर्ध्या लोकांना आठ आठवडे घरच्या घरी तोलाचे व्यायाम दिले, बाकीच्यांना नाही. वर्षभरात व्यायाम न केलेल्यांपैकी ३३ टक्के लोकांचा घोटा पुन्हा मुरगळला, केलेल्यांपैकी २२ टक्के लोकांचा. तोल सांभाळायला महागडं यंत्र लागत नाही, आठ आठवडे लागतात. मला सर्वांत जास्त चीड येते ती याचीच, की इतकी स्वस्त आणि परिणामकारक गोष्ट डिस्चार्जच्या कागदावर एका ओळीतही लिहिलेली नसते.

दुखण्याबद्दल एक नियम पाळा. शून्य ते दहा अशी पट्टी धरली तर व्यायामात तीनपर्यंत दुखलेलं चालतं. ते तासाभरात शमायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा आदल्या दिवशीपेक्षा जास्त सुजलेला किंवा आखडलेला वाटला तर आदल्या दिवसाचा डोस जास्त झाला. व्यायाम बंद करू नका, अर्धा करा. संध्याकाळची थोडी सूज मात्र दोन-तीन महिने राहू शकते, दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळत राहिले की ती येणारच. तासाभराने उठून चार पावलं चाला.

साधारण तीन-चार आठवड्यांनी, दोन्ही पायांचं मोजमाप जवळ आल्यावर, उड्यांकडे वळायचं. आधी दोन पायांवर जागच्या जागी, मग पुढे-मागे, मग बाजूला, आणि शेवटी एका पायावर. उडीच्या उंचीला महत्त्व नाही. उतरल्याचा आवाज ऐका. धप्पकन आवाज आला तर घोटा आणि गुडघा धक्का झेलत नाहीत. आवाज न करता उतरून तीन सेकंद स्थिर राहता आलं की ती एक उडी मोजायची. धावण्याची सवय असेल तर सपाट मातीवर चालणं-धावणं आलटून पालटून सुरू करा. कबड्डी-खोखो खेळणाऱ्यांनी याच्या पुढे जाऊन दिशा बदलत पळणं आणि अचानक थांबणं करायला हवं. टेप लावून तिसऱ्या आठवड्यात खेळाडूला मैदानात उतरवणाऱ्या प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की तसं करू नका. पकड करताना घोट्यावर येणारा झटका टेप झेलत नाही.

तुमच्यासाठी उड्यांइतकंच महत्त्वाचं म्हणजे उतरण्याचा सराव. पायरीवर दुखऱ्या पायाने उभं राहा आणि दुसऱ्या पायाची टाच खालच्या पायरीला हळू, चार आकडे मोजत टेकवा, परत वर. दहा वेळा, तीन फेऱ्या. इमारतीत जाताना लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या, सुरुवातीला कठड्याला हात ठेवून. पुण्यात असाल तर पर्वतीच्या पायऱ्या आहेत, नंतर एखादी टेकडी, शेवटी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड. तिथल्या उतारावर घसारा, पायऱ्या, दगड सगळं थोडं थोडं मिळतं आणि त्रास झालाच तर गडावर गाडीरस्ताही आहे. पाठीवर सॅक आधी रिकामी, मग भरलेली. भार वाढला की तोलाचा मध्य वर सरकतो आणि घोट्याला पुन्हा सगळं नव्याने जुळवावं लागतं, म्हणून भरलेल्या सॅकचा पहिला प्रयोग हरिश्चंद्रगडावर करू नका.

तयार झालात का हे कॅलेंडर सांगणार नाही. भिंतीची मोजणी दोन्ही पायांची सारखी, एका पायावर चवड्याने उठणं चांगल्या पायाइतकं, डोळे मिटून एका पायावर तोल दोन्हीकडे जवळपास सारखा, बाजूच्या उडीत कचरणं नाही, आणि सिंहगड उतरल्यावर दुसऱ्या सकाळी सूज नाही. एवढं झालं असेल तर आठव्या आठवड्यातही निघा. झालं नसेल तर बाराव्यातही थांबा. यातली शेवटून दुसरी गोष्ट लोक हसण्यावारी नेतात, पण मनात भीती असेल तर पाऊल ताठ पडतं, आणि ताठ पाऊल दगडावर फसतं. ती भीती पायरी पायरीने उतरूनच जाते.

ट्रेकच्या दिवशी पाचनईची सोपी वाट घ्या, अवघड नळीची वाट या वर्षी नको. लेसचा ब्रेस घाला. घोट्यापर्यंत येणारे बूट असले तर बरं, पण त्यांच्यावर विसंबून व्यायाम टाळू नका. तळव्याची पकड बुटाच्या उंचीपेक्षा जास्त महत्त्वाची. उतरताना काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा, आणि पावलं छोटी टाका. दमल्यावर स्नायू आणखी उशिरा प्रतिसाद देतात, म्हणून उतरायला लागण्याआधी खाऊन, पाणी पिऊन दहा मिनिटं बसा आणि अंधाराआधी खाली पोहोचाल असा वेळ धरा. वाटेत पाय वळलाच तर बूट लगेच काढू नका, सूज चढली की तो परत घालता येत नाही. लेस घट्ट करा, चार पावलं टाकून पाहा. टाकता आली तर काठीच्या आधाराने हळूहळू उतरा, नाही आली तर चालण्याचा हट्ट न करता सोबत्यांची मदत घ्या.

एमआरआय आज नको. तो काढला तर पट्टी फाटलेली दिसेलच, आणि त्यावरून व्यायामात काहीही बदलणार नाही. वर सांगितलेलं सगळं तीन महिने मनापासून करूनही घोटा सपाट रस्त्यावर वळत राहिला, किंवा आत खोलवर दुखत राहिलं, तर मात्र काढा, कारण तेव्हा कूर्चेची दुखापत किंवा कंडरेची चीर शोधायची असते. फारच थोड्या लोकांना पट्टी शिवण्याचं ऑपरेशन लागतं. स्वीडनच्या ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये मांडलेली पद्धत थोड्याफार बदलांसह आजही वापरात आहे आणि तिचे परिणाम चांगले आहेत, पण तिच्यानंतरही हेच व्यायाम करावे लागतात. आज संध्याकाळी टेप आणि खडू घेऊन दोन्ही पायांची मोजमापं लिहून ठेवा, आणि चार आठवड्यांनी तेच आकडे पुन्हा घेऊन कळवा. भिंतीचा फरक तेव्हाही दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर मग प्रत्यक्ष तपासून घ्यायला हवं.